खरखर असू दे, तानपुरा कुठे गेला ते सांगा

काल रात्री परत तेच केलं. जुन्या पिढीतले शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांचं झिंझोटी रागातलं 'पिया बिन नाही आवत चैन' दोन वेगवेगळ्या कॉपीतून ऐकत बसलो, हेडफोन लावून, थोडं ह्यातलं थोडं त्यातलं. बायको म्हणाली गाणं ऐकतोयस की तपासणी करतोयस? तपासणीच म्हणा ना.

पहिली कॉपी कुणीतरी ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या फिरणाऱ्या) जुन्या तबकडीवरून थेट उतरवलेली. सुरुवातीपासून भजी तळल्यासारखा आवाज, आणि एके ठिकाणी चरा पडलाय तो प्रत्येक फेरीला टक्-टक् करत येतो. दुसरी कॉपी 'रिस्टोअर' केलेली सीडी, चांगले पैसे मोजून घेतलेली, कंपनीचं नाव नको. ती एकदम स्वच्छ. इतकी स्वच्छ की खाँसाहेब गादीखाली बसून गातायत असं वाटतं, 'चैन' मधला 'च' अर्धा 'त' झालाय, आणि मागे जो लांबून का होईना तानपुरा होता तो गायबच!

होतं काय, की खरखर असते वरच्या फ्रिक्वेन्सीत आणि तानपुऱ्याची जवारी (तारांचा तो झणझणीत गुंजारव), श्वास, च-स-श हे सगळं पण तिथेच. सॉफ्टवेअरला कुठे कळतंय कचरा कुठला आणि जवारी कुठली, ते सरसकट कापतं. कान खरखरीची सवय पाच मिनिटांत करून घेतो हो, पण जे कापलं ते काही केल्या परत येत नाही. वर त्या सीडीवर थोडा एको पण टाकलाय, कशाला ते देव जाणे.

आणि स्पीड! तो तर कुणी बघतच नाही. ७८ म्हणायचं फक्त, त्या काळी तबकड्या थोड्या कमी-जास्त वेगाने पण कापलेल्या असायच्या. सहा टक्के फरक पडला की अख्खा अर्धा सूर सरकतो, पेटीवरच्या काळी एक पट्टीचं गाणं शेजारच्या पांढरी दोनवर जातं, आवाज बारीक होतो, ताना उगाच अचाट वाटायला लागतात. माझ्या दोन्ही कॉपी फोनमधल्या तानपुरा ॲपशी लावून बघितल्या तर दोघींचा सा वेगळा निघाला. आता खरा कुठला ते कुणाला विचारणार, खाँसाहेब १९३७ला गेले.

अर्थात सगळ्याला एकच फूटपट्टी लावायची नाही. गायिका गौहरजाननी १९०२ला कलकत्त्यात रेकॉर्डिंग केलं तेव्हा माइकच नव्हता, भोंग्यात तोंड घालून गायचं आणि शेवटी स्वतःचं नाव ओरडून सांगायचं, तिथे तानपुरा शोधत बसणं म्हणजे वेडेपणा. माइकवरचं रेकॉर्डिंग सुरू झालं ते १९२५ नंतर. पण आजच्या रेकॉर्डिंगला ही सूट नाही. परवा एक नवीन लाइव्ह अल्बम ऐकला, तबला कानात बसलाय, गायक मागच्या खोलीत आणि तानपुरा इलेक्ट्रॉनिक, तोही इतका मोठा की पंप लावल्यासारखा. त्यापेक्षा बाबांची घरगुती बैठकीची कॅसेट बरी, टेपची हिस (सूंऽ असा आवाज) आहे, मधेच कपबशी वाजते, पण बैठकीत कोण कुठे बसलंय ते कळतं.

शेवटी सीडी बाजूला ठेवली आणि खरखरवाली कॉपी कॉम्प्युटरवर उघडून ते चऱ्याचे टक्-टक् हाताने एकेक पुसायला बसलो. अर्ध्या मिनिटाचा चरा, म्हणजे चाळीसेक टक्. सव्वीस झाले, मग झोप आली.