शंभर-दोनशेवरून दोनशे-चारशेला: देवगडच्या एका रोलचा हिशेब

पोकर शिकवणाऱ्याला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न पत्त्यांबद्दल नसतोच. ‘आता वरच्या स्टेकला बसू का?’ (म्हणजे जास्त पैशांच्या टेबलावर) हा असतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, त्याला फक्त आपला होकार हवा असतो. 2025 च्या दिवाळीनंतर देवगडहून आलेल्या एका मुलाचं तसं नव्हतं. तो वही घेऊन आला होता, आणि वहीत आकडे होते. म्हणून ही केस सविस्तर लिहितोय.

घरची हापूसची कलमं, वडिलांबरोबर बाग बघणं, आणि रात्री ऑनलाइन पोकर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैशांचे ऑनलाइन खेळ एका झटक्यात बंद झाले. उरला गोवा. देवगडहून पणजी म्हणजे तीन-साडेतीन तासांची वाट, मग जेटीवरून फेरीबोटीने मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर. तिथे तो 100/200 च्या टेबलावर बसू लागला (दर डावाला दोघांनी पत्ते बघण्याआधीच टाकायच्या सक्तीच्या रकमा: स्मॉल ब्लाइंड 100, बिग ब्लाइंड 200), जिंकूही लागला. आता त्याला 200/400 खुणावत होतं.

‘सर, आकडे तर सांगतत वर जा म्हणान. मग अडता खंय?’

आधी आकडेच बघू म्हटलं.

ऑनलाइनचे 3,20,000 हँड (म्हणजे डाव), स्टेक 25/50, कमाई दर 100 हँडला 4 बिग ब्लाइंड. चढउताराचं माप, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, दर 100 हँडला 95 बिग ब्लाइंड. सहा जणांच्या नो-लिमिट टेबलाला हे नेहमीचंच. एवढे हँड म्हणजे भरवशाचा आकडा असं कुणालाही वाटेल. पण 3,20,000 हँडचे शंभराचे 3,200 गठ्ठे होतात, 3,200 चं वर्गमूळ साधारण 56.6, आणि 95 ला 56.6 ने भागलं की 1.7 येतं. त्याची दुप्पट दोन्ही बाजूंना धरायची. म्हणजे त्याची खरी कमाई 4 नसून 0.6 ते 7.4 च्या मध्ये कुठेतरी आहे. जिंकणारा खेळाडू आहे एवढं पक्कं. किती जिंकणारा, हे इतक्या हँडनंतरही धूसर.

लाइव्हचं तर विचारूच नका. 140 तास, 1,90,000 रुपये वर. तासाला 28 हँड धरले तर सगळे मिळून चार हजारांच्या आत. हिशेब केला की 100 हँडला 24 बिग ब्लाइंड येतात आणि माणूस हवेत जातो. त्याच सूत्राने चूक काढली तर अधिक-उणे 30. म्हणजे हाच मुलगा लाइव्ह टेबलावर थोडासा हरणारा खेळाडूही असू शकतो आणि वहीतले 1,90,000 निव्वळ पत्त्यांची मेहेरबानी असू शकते. तसं मला वाटत नव्हतं, पण वाटणं आणि वहीतून निघणं यांत फरक आहे. लाइव्हचे 140 तास म्हणजे ऑनलाइनवाल्याच्या चार टेबलांचे दोन-तीन दिवस, बस.

मग रोल, म्हणजे फक्त खेळासाठी बाजूला ठेवलेला पैसा. वहीत 12 लाख लिहिले होते. मी विचारलं, हे सगळे खेळायचेच का? जरा थांबून उत्तर आलं, की त्यातले 5 लाख व्यापाऱ्याने बागेपोटी दिलेली उचल आहे. मोहोर फुटायला लागला की फवारण्या सुरू होणार, तुडतुडे मोहोर संपेपर्यंत पिच्छा सोडत नाहीत, औषधं आणि मजुरी त्यातूनच जाणार. तो पैसा खात्यात दिसतो, पण तो रोल नाही. पुसून 7 लाख केले.

आता किती रोल लागतो? बुडण्याची शक्यता 5 टक्क्यांवर आणायची असेल तर सोपं सूत्र आहे: स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग गुणिले दीड, भागिले कमाई. 95 चा वर्ग 9,025, दीडपट 13,500 च्या आसपास. कमाई 4 धरली तर 3,400 बिग ब्लाइंड लागतात, म्हणजे शंभर ब्लाइंडचे 34 बाय-इन (बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना घ्यायच्या चिप्सची रक्कम). 100/200 ला बाय-इन 20,000, तेव्हा 6 लाख 80 हजार. त्याचे 7 लाख बरोब्बर त्याच टेबलापुरते होते! 200/400 ला हेच साडेतेरा लाखांवर जातं, तेही कमाई 4 च राहिली तर. वर गेल्यावर समोरचे जरा बरे खेळतात. कमाई 2 वर आली की बाय-इन 34 वरून 68. लोक फक्त ‘स्टेक दुप्पट तर रोल दुप्पट’ असा हिशेब करतात आणि तिथेच फसतात. स्टेक दुप्पट आणि कमाई निम्मी झाली, तर रोल चौपट लागतो.

वर जाण्याच्या बाजूनेही मुद्दे होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. एका फेरीचा पेट्रोल, खोली, जेवणाचा खर्च त्याच्या नोंदीत 4,000 होता आणि एका फेरीत तो 16 तास खेळायचा. तासाला 250. 100/200 ला हे सव्वा ब्लाइंड होतं, 200/400 ला पाऊणही नाही. रेकचंही तेच. प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) घर, म्हणजे कॅसिनो, टक्केवारी कापतं, पण त्याला वरची मर्यादा असते. पॉट मोठे झाले की ती मर्यादा ब्लाइंडच्या मानाने लहान होत जाते. छोट्या टेबलावर बरा खेळणाराही रेकमध्येच झिजतो. (कराचं वेगळंच. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकीवर 30 टक्के आणि वर उपकर, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. ते सीएसमोर बसून आधी समजून घ्यायचं, जिंकल्यावर नव्हे.)

शिवाय सूत्र धरून चालतं, की माणूस बुडेपर्यंत त्याच टेबलावर बसून राहील. खाली उतरायची तयारी असेल तर थोड्या पैशांवर वरच्या टेबलाची चव घेता येते. याला शॉट म्हणतात. आम्ही ठरवलं ते असं. शॉटसाठी 1,20,000, म्हणजे 40,000 चे तीन बाय-इन. ते गेले तर 5,80,000 उरतात आणि 100/200 ला अजून 29 बाय-इन शिल्लक राहतात. मंगळवार-बुधवारी वर बसायचं नाही; गोवेकरांना जहाजावर खेळायला बंदी आहे, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवसांत टेबलावर उरतात ते बाहेरून येऊन मुक्काम ठोकलेले पट्टीचे खेळाडू. शुक्रवार-शनिवारी मुंबई, पुणे, बेळगावहून सुट्टीवर आलेली मंडळी असतात. टेबलावर निदान दोघे सैल खेळणारे, म्हणजे कुठल्याही पत्त्यांवर पैसे टाकणारे, दिसले पाहिजेत, आणि त्यांच्या डाव्या हाताची जागा मिळाली तर उत्तम, कारण ते आधी बोलतात आणि आपण नंतर.

त्या शुक्रवारी मी बरोबर गेलो. त्याला लगेच बसू दिलं नाही. तासभर रेलिंगपाशी उभं राहून हँड मोजले. 27 वाटले गेले, त्यांतल्या 18 ला स्ट्रॅडल होता: बिग ब्लाइंडच्या डावीकडचा गडी पत्ते बघण्याआधीच 800 टाकायचा. पाटीवर 200/400 लिहिलेलं, खेळ मात्र तीनांतल्या दोन हँडना 400/800 चा. 40,000 घेऊन बसणारा माणूस शंभर ब्लाइंडने बसलाय असं समजतो, प्रत्यक्षात त्याच्यापुढे पन्नासच असतात. शिवाय तिघांसमोर दोन-दोन लाखांच्या चिप्स. वर जायचं म्हणजे कुठे जायचं, हे पाटीवरून कळत नाही. मोजावं लागतं. स्वतः स्ट्रॅडल टाकायचा नाही, आणि दुसऱ्याचा असेल तेव्हा सुरुवातीच्या हातांची निवड आवळायची, एवढं सांगून त्याला बसवला.

दीड तास नीट गेला. मग हा हँड.

स्ट्रॅडल नव्हता. एकाने 400 लिंप केले, म्हणजे न वाढवता फक्त बिग ब्लाइंडएवढे टाकले; हा सुट्टीवरच्या दोघांपैकी एक. आमच्या गड्याने बटणावरून, म्हणजे शेवटी बोलायच्या जागेवरून, इस्पिक राजा-राणीने 1,400 केले, ब्लाइंडवाल्या दोघांनी पत्ते टाकले, लिंपवाल्याने कॉल (तेवढेच भरले). पॉट 3,400. फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडलेले पहिले तीन सामाईक पत्ते: चौकट राजा, इस्पिक नव्वी, किलवर तिर्री. समोरून चेक (पैसे न टाकता पास), आमची 2,000 ची बेट, कॉल. पॉट 7,400. टर्न, चौथा पत्ता, बदाम सत्ती. चेक, 5,000, कॉल. पॉट 17,400. रिव्हर, शेवटचा पत्ता, चौकट दुर्री, आणि आतापर्यंत चेक करत आलेल्या त्या गृहस्थाने अचानक 12,000 पुढे सरकवले.

कॉल परवडायला किती टक्के वेळा जिंकावं लागतं? 12,000 भागिले 41,400 (पॉटचे 17,400, त्याचे 12,000, आपले 12,000), म्हणजे 29. दुर्रीने कुणाचाही सीक्वेन्स पुरा केलेला नाही. गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-छक्की, सगळे वाट बघून रिकामे राहिलेले. राजा-गुलाम, राजा-दश्शी घेऊन असा खेळाडू हीच बेट टाकतो. दोन पेअर (दोन जोड्या) आणि सेट (एकाच किमतीचे तीन पत्ते) आहेतच, पण दहांपैकी तीन वेळा जिंकलं तरी पुरतं, आणि अशा माणसासमोर त्याहून जास्त वेळा जिंकतो. माझ्या मते कॉल. महिनाभर आधी 100/200 ला याच ठेवणीचा हँड त्याच्या वहीत होता, समोरून 6,000 ची बेट, आणि शेरा: ‘लगेच कॉल, विचार करण्यासारखं काही नाही.’

इथे तो दोन मिनिटं बसला. चिप्सच्या गठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग पत्ते पुढे सरकवले, म्हणजे फोल्ड, हँड सोडला. समोरच्यानेही न दाखवता टाकून दिले, तेव्हा काय होतं ते कळायचा प्रश्न नाही, आणि कळलं असतं तरी त्याने हा फोल्ड बरोबर किंवा चूक ठरत नव्हता.

त्यानंतर अर्ध्या तासात असाच दुसरा फोल्ड, यावेळी टर्नवर. ब्रेकमध्ये चहा घेताना विचारलं, पहिल्या हँडला काय मोजत होतास? ‘टक्के नाय मोजूक, सर. माका त्या बारा हजारात फवारणीच दिसली.’

तिथे शॉट संपला. पैशांनी नव्हे, उठला तेव्हा तो नऊ हजार वरच होता, आणि फ्लोअरवाल्याने ‘आत्ताच कुठे?’ असं विचारलंही. पण तीन बाय-इन हरणं हीच उतरायची एकमेव खूण धरली, तर माणूस दोन बाय-इन घाबरत खेळून घालवतो आणि नियम पाळल्याचं समाधान मानतो. घाबरलेला खेळाडू मोठ्या चुका करत नाही. 29 टक्क्यांचे कॉल सोडतो, ब्लफ अर्ध्यावर टाकतो, राजा-राणीने दोनदाऐवजी एकदाच बेट करतो. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं जातं आणि 4 ची कमाई शून्यावर येते. वहीत मात्र ‘पत्ते लागले नाहीत’ एवढंच उमटतं. म्हणून शॉटच्या वेळी मी पैशांबरोबर हँडही जुळवतो: ब्लाइंडच्या हिशेबाने सारखा दिसणारा खालच्या टेबलावरचा हँड काढायचा आणि निर्णय बदललाय का बघायचं. दोनदा बदलला की खाली.

पुढचा शॉट फवारण्यांचे पैसे वेगळ्या खात्यात गेल्यावर घेतला, आणि वेगळ्या रीतीने. कणकवलीच्या एका ओळखीच्या खेळाडूला त्याने निम्मा हिस्सा विकला. बाय-इन 40,000 चाच, पण त्यातले 20,000 स्वतःचे, म्हणजे खिशाला 100/200 इतकीच झळ आणि टेबल मात्र 200/400 चं. अटी कागदावर: नफा-तोटा निम्मा-निम्मा, शॉटपुरते तीनच बाय-इन, बसताना आणि उठताना चिप्सची मोजणी दोघांच्या वहीत, फेरीखर्च आधी वजा, आणि हिशेब त्याच रात्री, परतीच्या फेरीबोटीत चढायच्या आधी. त्या रात्री तो 22,000 हरला. वहीत रिव्हरवरच्या तीन मोठ्या बेट होत्या. तिन्हींना कॉल केला होता, आणि तिन्ही मी तपासले. दोन बरोबर होते. तिसऱ्याला फोल्ड हवा होता, पण तो फोल्ड 100/200 लाही त्याला सापडत नाही; त्याच्यावर आमचं काम अजून चालू आहे.