तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लाउज दोन इंच लहान का शिवत नाही?

लग्नाचा हंगाम जवळ आला की फोंड्यातील माझ्या शिवणाच्या दुकानात एक मागणी हमखास येते. माप घेऊन झाले की नवरी मुलगी, आणि पुष्कळदा तिची आईच, म्हणते, "ताई, दोन इंच कमीच धरा, तोवर ती बारीक होणार आहे." मी नकार देते, आणि मग विचारणा होते की गिऱ्हाईक पैसे देत असताना त्याचे ऐकायला माझे काय जाते. हातात कात्री असताना याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे लिहिते.

अशा मुलीच्या मोबाइलवर बहुतेक वेळा एखाद्या नटीचे छायाचित्र असते, आणि ते जवळजवळ नेहमी समोरून काढलेले असते. कपडा अंगावर चापूनचोपून बसलेला दिसावा म्हणून छायाचित्रणाच्या वेळी पाठीकडून चाप आणि टाचण्या लावण्याची पद्धत या धंद्यात जुनी आहे. त्यात प्रकाशयोजनेची, आतून पोट आवळणाऱ्या पेहरावाची आणि शेवटी संगणकावरच्या सफाईची भर पडते. फ्रान्समध्ये जाहिरातीतील मॉडेलचे शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केले असल्यास तसे त्या चित्रावर लिहिणे 2017 पासून कायद्याने बंधनकारक आहे. माझ्यासमोर धरल्या जाणाऱ्या चित्रांवर असे काही लिहिलेले नसते. तरीही त्यावरून बेतावे अशी अपेक्षा असते.

दोन इंचांच्या या हट्टाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 2022 च्या मे महिन्यातील आहे. न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशनच्या समारंभात अमेरिकी टीव्ही तारका किम कार्दाशियन हिने हॉलिवूडची नटी मॅरिलिन मन्रो हिचा 1962 चा पोशाख घातला आणि त्यात मावण्यासाठी सुमारे 3 आठवड्यांत 7 किलो वजन उतरवल्याचे तिने स्वतःच जगाला सांगितले. एवढे करूनही पाठीकडची चेन पूर्ण लागली नाही; उघडी राहिलेली फट पांढऱ्या फरच्या शालीखाली झाकावी लागली, आणि काही मिनिटांतच तिने तो उतरवून त्याची नक्कल अंगावर चढवली. हाताशी आहारतज्ज्ञ आणि प्रशिक्षक असलेल्या बाईची ही गत. मूळ पोशाख मात्र मन्रोच्या अंगावरच बेतून शिवलेला होता, आणि शिंपीकामाची रीत तीच आहे. रॅम्पवर ती उलटी होते: नमुन्याचे कपडे एकाच लहान मापात आधी तयार होतात आणि त्यांत मावणाऱ्या मुली नंतर निवडल्या जातात. 2006 मध्ये माद्रिदच्या फॅशन वीकने 18 पेक्षा कमी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) असलेल्या मॉडेलना मनाई केली ती याच पद्धतीचे परिणाम समोर आल्यावर; त्याच वर्षी मनाईच्या आधी लुइसेल रामोस आणि नंतर आना कारोलिना रेस्टन या दोन तरुण मॉडेल दगावल्या.

"शिकलेल्या मुली चित्रे पाहून कशाला वाहवतील?" असे कोणी म्हणाले की मला फिजी बेटांवरील अभ्यास आठवतो. तेथील एका भागात 1995 मध्ये दूरचित्रवाणी आली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही शाळकरी मुलगी तेव्हाच्या पाहणीत आढळली नव्हती. 1998 मध्ये हे प्रमाण 11 टक्क्यांवर गेले. आपल्याकडे 2008 च्या सुमारास करीना कपूरच्या 'साइझ झीरो'ची, म्हणजे अगदी बारीक अंगाची, चर्चा घरोघरी पोहोचली. आता तर चित्रे मुलींच्या उशाशीच असतात.

त्यानंतर घरात काय होते ते मला ट्रायलच्या वेळी दिसते. उकड्या तांदळाची पेज बंद, हुमण (माशांची आमटी) आणि भात बंद, सकाळी लिंबूपाणी आणि रात्री काकडी. पाठीकडचे हूक लावीपर्यंत उभे राहताना मुलगी टेबलाची कड धरते, आणि टेप गुंडाळताना तिचे केस माझ्या हाताला लागतात. एकाएकी उपासमार केल्यास केस दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात, म्हणजे नेमके लग्नाच्या तोंडावर. पाळी लांबते किंवा चुकते, आणि झपाट्याने वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातील 15 ते 49 वयाच्या सुमारे 39 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि ताटातून सर्वांत आधी मासळी आणि डाळ काढणाऱ्या मुली त्यांतल्याच असतात. मधुमेह किंवा गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले असेल तर ते जरूर करावे, पण त्याची गती आठवड्याला अर्धा ते एक किलो असते आणि मुहूर्ताशी तिचे काही देणेघेणे नसते.

शिवाय खांदा हाडांचा असतो. कितीही उपाशी राहिले तरी त्याची रुंदी कमी होत नाही, आणि ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, खांद्यावरच अवलंबून असतो. छातीत दोन इंच कमी धरून शिवले आणि मुलगी बारीक झाली नाही, तर उसवून जोड लावावा लागतो आणि तो बाहेरून दिसतो. कापड आत सोडून शिवले तर दोन टाके मारून ब्लाउज घट्ट करता येतो. म्हणून मी आजच्या मापाने बेतते, दोन्ही बाजूंना इंचभर कापड आत ठेवते आणि लग्नाच्या आठवडाभर आधी पुन्हा माप घेते. त्या फिटिंगचे वेगळे पैसे मी लावत नाही.