ठासणीच्या बंदुकीतला दुसरा बार

ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्रं जमा करण्याचे हुकूम निघाले. परवानाधारकाने हत्यार पोलीस ठाण्यात द्यायचं, नाहीतर आमच्यासारख्या परवाना असलेल्या बंदुकांच्या दुकानात ठेवून पावती घ्यायची. आमच्या तळकोकणात बहुतेक बंदुका शेतीसंरक्षणाच्या, आणि हुकूम आला तो नेमका भातकापणीच्या तोंडावर, डुकरं शेतात उतरतात तेव्हा. गावठी कट्टेवाला काही पावती फाडायला येत नाही. येतो तो सत्तरीचा शेतकरी, बंदूक गोणपाटात गुंडाळून, रिक्षाचे पैसे खर्चून, आणि पुढचा महिनाभर रात्री डबे वाजवत बसतो. मला हे दर निवडणुकीला खटकतं.

दुकानातल्या बाकावर चारजण जमले की गजाली सुरू होतात. १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधी पारधीला गेलेली माणसं आता थोडीच उरलीत, त्यामुळे मी हातातलं काम न थांबवता कान तिकडे ठेवतो. त्या दिवशी एकाने घाटावरच्या कुणा इनामदाराच्या जीपची गोष्ट काढली. पुढची काच काढून टाकलेली आणि मागे न्हाव्याच्या दुकानातली फिरती खुर्ची बोल्टाने बसवलेली, बंदूकवाल्याला चहूकडे वळता यावं म्हणून. कोट्याच्या महाराव उमेदसिंहांनी १९२५ साली वाघाच्या शिकारीसाठी सर्चलाइट लावलेली रोल्स-रॉईस बनवून घेतली होती. माझ्या मते डोकं खुर्चीवाल्याचं जास्त चाललं. दुसऱ्याने सायकलच्या भंगारातून पट्टी कापून नळीवर बॅटरी कशी बसवली होती ते हातवारे करून दाखवलं. तिसरा वडिलांच्या बेल्जियन दुनळीचं कौतुक करत होता. तिच्यात तो आजची काडतुसं घालतो म्हणाला तेव्हा मात्र मी कानस खाली ठेवली. त्या जुन्या दुनळीचा चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अडीच इंची, आजचं काडतूस पावणेतीन इंची. न उडालेलं काडतूस आखूड असतं म्हणून आत बसतं. बार होताना त्याचं तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब वाढतो. आत बसलं म्हणजे चाललं, अशी लोकांची समजूत आहे. ती काढता काढता माझा घसा बसतो.

तेवढ्यात एक काकी मुलाला घेऊन आल्या. नवरा वारल्यावर परवाना मुलाच्या नावावर झालेला, बंदूक एकनळी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छरे घालून गजाने ठासायची. घोडा आणि निपल, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाचं भोक असलेलं बोंड, यांच्यामध्ये चामड्याचा तुकडा ठेवून वरून सुंभाने घट्ट बांधलेलं. मागच्या निवडणुकांना ती ठाण्यातच जमा होत होती. पावत्या मुलाने नीट जपून ठेवल्या होत्या.

माझ्याकडे आलेल्या प्रत्येक ठासणीच्या बंदुकीत मी आधी पितळी गज सोडतो. तो टेकला की नळीच्या तोंडाशी अंगठ्याने खूण धरायची, गज काढून नळीला बाहेरून लावायचा. टोक निपलपाशी पोचलं तर नळी मोकळी. चार बोटं अलीकडे राहिलं तर आत बार आहे. इथे ते वीतभर अलीकडे राहिलं, वर आणखी दोन बोटं. मी पुन्हा गज सोडला. तेवढंच.

बाकावरच्या एका म्हाताऱ्याने काकींना ओळखलं आणि त्यांच्या नवऱ्याचीच आठवण काढली. दोघे भातात राखणीला बसले होते. "डुकर समोर इलो, ह्येनी चाप ओढल्यान, नि नुसताच टिक! मगे रागान परत दारू वतल्यान, छरे घातल्यान, ठासल्यान. तवसर डुकर खंयचो थांबता!" सगळे हसले. माझ्या हातात गज होता आणि अंगठा अजून खुणेवर. मी नळीचं तोंड वाळूच्या पेटीकडे वळवलं आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

निपल काढलं तर त्याच्या भोकातून दाभणाचं टोकही जाईना. जळकी काजळी आणि गंज यांनी ते बुजलं होतं. निपलावर बसवायची टोपी घोड्याच्या ठोक्याने फुटली तरी तिची आग आत पोचलीच नसणार. मागून पाणी सोडून रात्रभर ठेवलं. काळी दारू कोरडी असेल तर वर्षानुवर्षं जिवंत राहते, पण तिच्यातला सोरा पाण्यात विरघळला की ती मेली. दुसऱ्या दिवशी गजाला पेच लावून उपसलं. काथ्याचा बोळा, पांढरे पडून एकमेकांना चिकटलेले छरे, पुन्हा बोळा, काळा लगदा. त्याच्याखाली पुन्हा तेच सगळं. नव्या निपलाने कुणी तो बार उडवला असता तर ती जुनी नळी फुटण्याचीच शक्यता जास्त.

एवढ्या निवडणुकांत ही बंदूक दोन बार पोटात घेऊन ठाण्याच्या खोलीत इतर बंदुकांना टेकून उभी राहिली. नोंदवहीत नंबर, परवान्याची मुदत, सही सगळं बरोबर. गज सोडायला मिनिटही लागत नाही, पण वहीत त्याचा रकाना नाही म्हणून कुणी सोडत नाही.

काकींना मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "भरललीच होती काय रे ती?" आणि मुलाच्या हाताला धरून राहिल्या. नातवंडं ती बंदूक घेऊन खेळायची, हे मुलाने नंतर सांगितलं.

तो चामड्याचा तुकडा काही डोक्यातून जात नाही. दमट हवेत निपल गंजू नये म्हणून तसं बांधणारे लोक आहेत. पण ते तेल लावून सैल बांधतात, पटकन सुटावं म्हणून. ही गाठ मला कापावी लागली. त्या माणसाला आपल्या हातून काय झालंय ते कळलं होतं, उपसायचं कसं ते ठाऊक नव्हतं, आणि सांगितलं तर परवाना जाईल अशी भीती होती, असं मला वाटतं. म्हाताऱ्याला विचारलं, त्या रात्रीनंतर त्यांनी बंदूक उडवलेली पाहिलीत का? तो आठवत राहिला. "नाय. मगे तो डबोच वाजवी."

निकालानंतर मुलगा बंदूक न्यायला आला. नवं निपल मी बसवलं, आणि सोबत एक गज दिला, रिकाम्या नळीत तो जिथवर जातो तिथे कानशीने खाच पाडून. तसाच एक ठाण्यातही नेऊन दाखवला. हवालदारांनी तो हातात घेऊन पाहिला आणि वरून लेखी आल्याशिवाय काही करता येणार नाही म्हणाले. अर्ज दिलाय.