हळकुंडच्या पंजाला हात लागेपर्यंत

आमच्या बोक्याचं नाव हळकुंड. २०१९च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातलं आमचं घर अर्धं पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला गेलो तर माळ्यावरच्या ओल्या गोधडीत चिखलाचा एक गोळा म्याव म्याव करत बसलेला. धुतल्यावर पिवळाधमक निघाला. आमच्या ह्यांची नोकरी मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीवर. नाव शोधत बसावं लागलं नाही.

जुन्या घराच्या परसात शेवगा होता. त्याच्या खोडावर नखं ओरबाडायचा त्याचा रोजचा कार्यक्रम. मागच्या वर्षी आम्ही विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर आलो, शेवगा तिकडंच राहिला. सहा महिन्यांनी बोका डावा पाय उचलून चालायला लागला.

डॉक्टरीण बाईंनी पंजा दाबून नख बाहेर काढून दाखवलं. मांजराच्या पुढच्या पंजाला पाच नखं, मागच्याला चार. पुढचं पाचवं, आतल्या बाजूचं, आपल्या अंगठ्यासारखं वर असतं. चालताना ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही. वाढत वाढत गोल वळलं आणि शेजारच्या मऊ गादीत घुसलं होतं. त्यांनी ते कापलं, जखम धुतली, औषध दिलं आणि म्हणाल्या, "आता दोन-तीन आठवड्यांनी घरीच शेंडे कापत जा." कोथिंबीर निवडायला सांगावी इतक्या सहज!

पहिला प्रयत्न एका रविवारी केला. हळकुंड खिडकीतल्या उन्हात उताणा पडला होता, पोट वर, पाय चारी दिशांना. म्हटलं, स्वारी खुशीत आहे. पोटावरून हात फिरवला आणि त्याच लाडात मनगट धरून पंजा ओढला. पुढं काय झालं ते मला कळलंच नाही. चारही पायांनी माझा हात मिठीत, आणि अंगठ्याखाली दोन बारीक भोकं.

रक्त थेंबभरच आलं. पण मांजराचे दात सुईसारखे, खोल जातात. वरून भोक बुजतं आणि आत पू धरतो. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हळदीचा डबा घेऊन धावत आल्या. त्यांना थांबवून मी पंधरा मिनिटं नळाखाली साबणानं हात धुतला आणि तशीच सरकारी दवाखान्यात गेले. जखमेवर हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही, तिथंही पहिल्यांदा हेच सांगितलं. बोक्याला रेबीजची लस दिलेली होती, तरी मला इंजेक्शनं घ्यावी लागलीच : पहिल्या दिवशी, मग ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या. हळकुंड चावला म्हणून हळद लावता येत नाही, हा विनोद ह्यांनी चारही खेपांना केला.

"त्याला काय इचारत बसायचंय? धर मानगूट आन् काप," आत्यांचा सल्ला. मी तेही करून पाहिलं असतं, पण बाईंनी आधीच सांगितलं होतं : आई पिल्लाला मानेला धरून उचलते तेव्हा पिल्लू ढिलं पडतं, मोठ्या बोक्याला तसं धरलं तर तो घाबरतो. पोटाचंही त्यांनीच समजावलं. मांजर पोट दाखवतं ते 'मी इथं निर्धास्त आहे' एवढ्यापुरतं. 'ये, कुरवाळ' असं त्यात काही नसतं. सगळे नाजूक अवयव त्या पातळ कातडीखाली, तिथं हात पडला की पाय आपोआप आवळतात. मला लाज वाटली. साडेपाच वर्षं घरात मांजर, आणि हे ठाऊक नाही.

मग आठवडाभर त्याला मुद्दाम हात लावला नाही, नुसती बघत बसले. तो स्वतः काय घासतो? गाल, हनुवटी, डोळ्याच्या नि कानाच्या मधली जागा. तिथं वासाच्या ग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, माझ्या पोटरीला, ह्यांच्या चपलांना तो आपला वास लावत फिरतो. तिथं खाजवलं की डोळे मिटतात. शेपटीच्या मुळाशी दोन-चार हात चालतात. सहाव्याला पाठीची कातडी थरथरते, शेपटीचं टोक जमिनीवर आपटायला लागतं, कान बाजूला वळतात. आजवर आम्ही म्हणायचो, "अचानक चावतो मेला." कसलं अचानक! तो केव्हाचा सांगत असायचा.

त्यानंतरचं काम शिजवलेल्या चिकनच्या चिमटीवर झालं, बिनमिठाच्या. खांद्याला एक क्षण हात, एक तुकडा. दुसऱ्या दिवशी कोपर. शेपूट हलली की त्या दिवशीची शाळा सुटली. कोपरापर्यंत चार दिवसांत पोचले आणि मनगटाशी अडकले. दोन आठवडे तिथंच. बोट टेकलं की पाय मागं. मला वाटायचं, जुनी जखम दुखत असेल; पण ती तर कधीच भरली होती.

गुंता मुलानं सोडवला. हळकुंड झोपलेला असताना त्यानं मोबाईलच्या बॅटरीचा उजेड पाडला आणि म्हणाला, "आई, ह्याला पायाला पण मिशा आहेत." खरंच होत्या. पुढच्या पायाच्या मागल्या अंगाला, पंजाच्या जरा वर, चार-पाच लांब ताठ केस. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, त्या मिशाच. तोंडावरच्या मिशांसारख्याच मुळाशी नसांनी भरलेल्या. पंजात धरलेलं भक्ष्य हलतंय का, ते त्यांनी कळतं. आणि मी दर वेळी अंगठा नेमका तिथंच रोवत होते!

दुसऱ्या दिवसापासून मनगट धरणं बंद. तळहात उघडा ठेवून खालून पुढं करायचा, पंजा त्यावर टेकू द्यायचा, बोटाच्या गादीवर वरून-खालून हलकं दाबायचं. नख बाहेर येतं. तिसऱ्या दिवशी त्यानं पाय मागं घेतला नाही.

राहिला कात्रीचा आवाज. त्यासाठी घरच्या शेवया कामाला आल्या. तो खात असताना शेजारी बसून नखकात्रीनं कच्च्या शेवईची काडी तोडायची : कट्, तुकडा, कट्, तुकडा. पंधरा दिवसांत वाटीभर शेवयांचा चुरा झाला. आत्या म्हणाल्या, "उन्हात बसून आमी वळायच्या नि हिनं बोक्याम्होरं मोडायच्या."

पहिलं नख मेच्या एका दुपारी कापलं. उजेडाकडं धरलं की आतली गुलाबी शीर दिसते. तिच्या अलीकडं, नुसता टोकाचा वळलेला भाग. कट्. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग वाटीकडं. त्या दिवशी एकच. दहा नखांना नऊ दिवस लागले, कारण शेवटच्या दिवशी मला लोभ सुटला आणि दोन कापली.

मागच्या पायांची आठ अजून तशीच आहेत. तिथं मांडीपर्यंतच हात जातो, पुढं शेपूट आपटते. आणि आत्यांनी शेवयांचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय.