उजेड येतो, जातो

दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी चित्रपटांचं ध्वनिवर्णन लिहिणं हे माझं काम. संवाद थांबले की जी फट मिळते, तेवढ्यात पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं. 'बंदिनी' हाती आला तेव्हा विषप्रयोगाचा प्रसंग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. बिमल रॉय यांचा १९६३चा हा चित्रपट मी किती वेळा पाहिलाय, मोजलेलं नाही.

कल्याणी, म्हणजे नूतन, रुग्णालयात एका चिडखोर, फिट येणाऱ्या बाईची सेवा करतेय. तिलाच ती पुढे विष देते. ही बाई आपण ज्याच्यावर प्रेम केलं त्या विकासची बायको आहे, हे कल्याणीला कळतं. बाहेर लोखंडावर घण पडताहेत. वेल्डिंगचा लखलखाट नूतनच्या चेहऱ्यावर येतो आणि जातो. संवाद जवळजवळ नाहीतच. वर्णनाला इतकी मोकळी जागा आम्हाला क्वचित मिळते, आणि मी ती भरून टाकली होती. 'तिच्या डोळ्यांत सूड पेटतो. चेहरा द्वेषाने काळवंडतो.'

माझी प्रत्येक संहिता काका तपासतात. ते जन्मांध, अंधशाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. नूतन त्यांना आवाजानं पक्की ठाऊक. 'छबिली'त ती स्वतः गायली होती, स्नेहल भाटकरांच्या संगीतात. ते गाणं काकांना तोंडपाठ आहे.

"थांबव," काका म्हणाले. "सूड पेटतो म्हणजे डोळे काय करतात?"

मी गप्प.

"मोठे होतात? भुवया चढतात? दात आवळते का ती?"

मी प्रसंग मागे नेला. पुन्हा पाहिला. मग अगदी सावकाश, चित्र पुढे सरकवत पाहिला. दुपार त्यातच गेली. मी लिहिलेलं त्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. ती बघते. वळते. उजेड पडतो, अंधार होतो. सूड मी माझ्या पदरचा घातला होता, कारण तो मला दिसला होता, आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की तो नूतन दाखवते.

'सीमा'त, १९५५ साली, ती १९ वर्षांची होती. तिथली गौरी रागानं आदळआपट करते. त्याचं वर्णन लिहायला सोपं. पहिलं फिल्मफेअर तिला त्याच भूमिकेसाठी मिळालं. चारच वर्षांनी 'सुजाता'त टेलिफोनवरून सुनील दत्तचं गाणं येतं आणि ती फक्त ऐकते. रिसीव्हर कानाशी, डोळ्यांत पाणी. अख्खं गाणं एका ऐकणाऱ्या बाईवर तोललेलं आहे. 'बंदिनी'पर्यंत तिनं तेवढंही ठेवलं नाही. लग्न झालेलं, वय पंचविशीच्या आसपास. त्या वयात असं हात राखून काम करायला काय धीर लागत असेल! आई शोभना समर्थ अभिनेत्री, घरात अभिनय होता हे खरं, पण हे घरात मिळत नाही असं मला वाटतं.

संध्याकाळी नवी संहिता वाचून दाखवली. 'चेहऱ्यावर लख्ख उजेड. अंधार. पुन्हा उजेड. ती पाहते आहे.' बस.

काका जरा वेळानं म्हणाले, "बाकी कळलं. पण उजेड येतो-जातो म्हणजे नेमकं कसं गं?"

माझ्या टेबलावर जुना, पिवळ्या बल्बचा दिवा आहे. त्यांचा तळहात मी त्याच्याजवळ धरला आणि प्रसंग सुरू केला. पडद्यावर नूतनचा चेहरा उजळला की दिव्यापुढून पुठ्ठा काढायचा, अंधारला की आड धरायचा. घणाचे घाव चालू होते. ऊब लागायची, जायची. बोटं थोडी आवळायची, सुटायची.

प्रसंग संपला. काकांनी हात तिथेच ठेवला होता.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.