मळवलीची लोकल, भाजे लेणी आणि आम्ही तिघं

घरात मोठं माणूस मी एकटीच. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी नुकतीच पाच पूर्ण झालेली. तीन वर्षं सुट्टी म्हणजे आमच्याकडे चिंचवडातली बाग, नाहीतर आजीचं घर. पैशांची अडचण होतीच, पण खरी अडचण वेगळी होती. एकाला शू लागली आणि दुसरा पळत सुटला तर मी कुणामागे जायचं? या एका प्रश्नापायी मी कितीतरी शनिवार-रविवार घरात काढले. ज्यांच्या घरी दोन मोठी माणसं आहेत त्यांना हे सांगून कळत नाही. तुमच्या घरी एकच असेल तर लगेच कळेल.

यंदा संक्रांतीनंतरच्या शनिवारी आम्ही भाजे लेण्यांना जाऊन आलो. दिवस छान गेला, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

जागा निवडताना मी एकच कसोटी लावली होती : दिवसभरात कुठेही दोन मोठ्या माणसांची गरज पडता कामा नये. त्यामुळे गाडी करून जाणं आधीच बाद झालं. स्टिअरिंग हातात असलं की मागच्या सीटवरचं भांडण सोडवता येत नाही आणि उलटी झाली तर पिशवीही धरता येत नाही. लोकलमध्ये दोन्ही हात मोकळे राहतात. पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलमध्ये कामशेतच्या पुढचं आणि लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली. चिंचवडहून साधारण पाऊण तास लागतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, पाचच्या आत तिकीट नाही. बारा वर्षांपर्यंतचा मुलगा आईबरोबर महिलांच्या डब्यात बसू शकतो. आम्ही तिथेच बसलो. समोरच्या मावशींनी धाकटीला खिडकी दिली आणि तळेगाव येईपर्यंत तिची शाळा, मैत्रिणी, सगळं विचारून घेतलं. तेवढ्या वेळात मी निवांत बाहेर बघत बसले. अशी पंधरा मिनिटं मला फार दिवसांनी मिळाली.

मळवलीला लोकल फार थांबत नाही. कामशेत सुटलं की उठायचं, पाठपिशवी आधीच अडकवायची आणि उतरायचा क्रम घरीच पक्का करून ठेवायचा. आमचा क्रम असा : थोरला आधी उतरतो आणि फलाटावर जागचा हलत नाही, मग धाकटी माझा हात धरून, शेवटी मी. मोठं माणूस आधी उतरलं आणि मूल आत राहिलं, असं कधीच होऊ देऊ नका. दोघांच्याही खिशात माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. थोरल्याला नंबर पाठ आहे, तरी दिली. घाबरल्यावर पाठ केलेलंही आठवत नाही.

स्टेशनातून भाजे गावाकडे जाताना द्रुतगती मार्गावरचा पूल लागतो. खालून धावणारे ट्रक बघत मुलं तिथे दहा मिनिटं रमली. घाई करू नका, तेवढाच फुकटातला खेळ. गाव चालत जाण्याजोगं आहे, पण पाच वर्षांच्या पायांनी लेण्यांपर्यंत गेलात तर चढायला जोर उरत नाही. आम्ही जाताना रिक्षा केली आणि येताना चाललो. भाडं बसण्याआधी ठरवा, आणि परतीला तीच रिक्षा हवी असेल तर चालकाचा नंबर घेऊन ठेवा.

गावातून वर पायऱ्याच पायऱ्या आहेत. लेण्यांचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळी चढताना सावली मिळते. आम्ही साडेनवाला सुरुवात केली. तरी निम्म्यात धाकटी बसली आणि “मी येणार नाही” म्हणाली. थोरला तोवर वीस पायऱ्या वर पोचलेला. ज्या प्रश्नाला मी तीन वर्षं घाबरत होते, तो नेमका समोर उभा राहिला. मी थोरल्याला हाक मारली आणि तिघंही तिथेच बसलो. डबा काढला. तिळाची वडी खाल्ली, पाणी प्यायलो. “वर कुणीच नाही गेलं तरी चालेल,” असं मी मनापासून म्हणाले. पाच मिनिटांनी धाकटी स्वतःच उठली आणि दादाचा हात धरून मोजत निघाली. तेव्हापासून आमचा नियमच झाला आहे : एक थांबला की तिघं थांबायचं. थोरल्याला मात्र आधी नीट समजवावं लागतं, कारण दर वेळी मुरड त्याच्याच मनाला घालावी लागते. उतरताना मी त्याला पुढे ठेवलं आणि वाट दाखवायचं काम दिलं.

तिकीट मोठ्यांना २५ रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना काही नाही. वर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेली बावीस लेणी आहेत. चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या प्रार्थनेच्या दालनात, शिरताच मुलं गप्प झाली. छताला लाकडी कमानी आहेत आणि त्यातलं मूळचं लाकूड आजही टिकून आहे, हे सांगितल्यावर थोरला मान वर करून बघतच राहिला. खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, ते त्याच्या आधी धाकटीला दिसलं. तिने खांबाला पाठ टेकली आणि म्हणाली, “आई, हा वाकडा आहे.” खांब आहेत सत्तावीस. मी दोघांना वेगवेगळ्या बाजूंनी मोजायला लावलं. पहिल्यांदा सव्वीस आले, मग पुन्हा मोजले. लहान मुलांना लेणी दाखवायची असतील तर इतिहास थोडा सांगा आणि मोजायला भरपूर द्या. बाहेरच्या बाजूला चौदा स्तूप दाटीने उभे आहेत, तिथेही हाच खेळ झाला. तिथे राहिलेल्या भिक्खूंची आठवण म्हणून ते कोरले आहेत, एवढंच सांगितलं. “म्हणजे बाबांच्या फोटोसारखं?” थोरल्याने विचारलं. मी हो म्हणाले. थोडा वेळ आम्ही तिथेच उभे होतो.

दक्षिणेकडच्या टोकाच्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्यात, रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र कोरला आहे. ते चुकवू नका. बरेच जण चैत्यगृह पाहून तिथूनच परत फिरतात. थोरल्याला मग मागचा लोहगडही करायचा होता. २०२५ मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला, हे त्याला शाळेत कळलेलं. मी नाही म्हणाले. सोबत आणखी एक मोठं माणूस असेल त्या दिवशी लोहगड, असं कबूल केलं आहे आणि मामाला तारीखही विचारली आहे.

आता स्वच्छतागृहाचं. लोकलमध्ये ते नसतं, त्यामुळे घरून निघताना सगळ्यांनी जाऊन यायचं. खाली गावात जिथे जेवाल तिथल्या काकूंना सरळ विचारा. आम्हाला त्यांनी घरामागचं दाखवलं. नऊ वर्षांचा मुलगा आता बायकांच्या बाजूला येत नाही आणि त्याला बाहेर एकटं ठेवायला माझा जीव होत नाही. म्हणून तो दाराबाहेर उभा राहून मोठ्याने तेराचा पाढा म्हणतो. आवाज येतोय तोवर तो तिथेच आहे. एकट्या बाबांनी मुलीला नेलं असेल तर हॉटेलातल्या एखाद्या ताईंना “जरा हिला घेऊन जाता का” म्हणायला संकोच करू नये. मला असं कुणी विचारलं तर मी नक्की नेईन.

आणखी एक विनंती. फोटो काढून घ्या, स्वतःचाही. आमच्या सगळ्या फोटोंत दोन मुलं असतात आणि मी कॅमेऱ्यामागे. त्या दिवशी कॉलेजच्या एका मुलीला सांगितलं आणि चैत्याच्या कमानीखाली तिघांचा फोटो मिळाला. तो आता फ्रिजवर आहे.

पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना घेऊन एकट्याने इथे जाऊ नका. धबधब्याला झुंबड असते, पायऱ्या निसरड्या होतात आणि गर्दीत दोघांवर नजर ठेवणं शक्य नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मुक्काम करायचा झाला तर मुलांची आधार कार्डं बरोबर घ्या आणि फोन करतानाच “एक मोठं, दोन मुलं” असं स्पष्ट सांगा. मागे एका हॉटेलात काउंटरवर मुलांदेखत “मिस्टर मागून येतायत का?” असं तीनदा विचारलं होतं. तेव्हापासून मी आधीच सांगून टाकते.

परतीची गाडी आदल्या रात्रीच बघून ठेवा, दुपारी लोकलमध्ये बरंच अंतर पडतं. आम्हाला मळवलीला तासभर बसावं लागलं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी शिल्लक होती, शिवाय वाटेत द्रोणभर बोरं घेतली होती, त्यामुळे चाललं. रिक्षा, तिकिटं, गावातलं जेवण, बोरं, सगळं मिळून साडेचारशेच्या आत झालं.

गाडीत धाकटी मांडीवर झोपली. झोपलेलं मूल, पिशवी आणि दुसऱ्याचा हात, हे सगळं एकटीला उतरताना जमत नाही. म्हणून देहूरोड आल्याबरोबर तिला उठवायला घेतलं. आकुर्डीला तिने डोळे उघडले. थोरल्याने काही न बोलता माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या पाठीला लावली आणि दाराशी जाऊन माझी वाट बघत उभा राहिला.