उंबरठ्याची गिटार

नौपाड्यातल्या आजीच्या चाळीचा पुनर्विकास ठरला, तेव्हा घरातल्या बहुतेक वस्तूंची वाटणी भावंडांमध्ये सहज झाली. मागे राहिली ती पुढच्या दाराची सागवानी चौकट. जुने लाकूड घेणारा एक जण घनफुटाच्या हिशेबाने पैसे मोजायला तयार होता, पण मी ती चौकट मागून घेतली आणि पुढचे चौदा महिने तिच्यातून एक इलेक्ट्रिक गिटार घडवण्यात घालवले. या विषयावर मला जे वाचायला आणि पाहायला मिळाले, ते जवळपास सगळे कोरड्या आणि थंड प्रदेशांतल्या कारागिरांचे होते. ठाण्याच्या हवेत लाकूड कसे वागते आणि त्याच्यावर पॉलिश कसे चढते, हे मला वागळे इस्टेटमधल्या एका वयस्कर सुतारकाकांकडून शिकावे लागले. ते शिकणे नीट लिहून ठेवावे, म्हणून हा लेख.

घरातल्या जुन्या लाकडाची गिटार ही कल्पना माझी नव्हे. क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ साली, शाळकरी वयात, वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार बनवायला घेतली आणि तिची मान एका जुन्या शेकोटीभोवतीच्या लाकडी चौकटीतून कोरली. लाकडाला पडलेली किडीची भोके त्यांनी काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. तीच गिटार ते पुढे आयुष्यभर वाजवत आले आहेत. शेकोटीची चौकट चालत असेल, तर दाराची का चालू नये, एवढाच माझा विचार होता.

चौकटीचे उभे खांब पाच इंच रुंद आणि तीन इंच जाड होते आणि उंबरठाही त्याच मापाचा होता. गिटारच्या धडाला साधारण ३३० मिलिमीटर रुंदी लागते, म्हणजे तीन फळ्या शेजारी शेजारी चिकटवणे भाग होते. मधली फळी उंबरठ्याची घ्यायची, हे मी आधीच ठरवले होते. पायांनी झिजून त्याच्या मधोमध खोलगट भाग झाला होता, तो निघून पृष्ठभाग सपाट होईपर्यंत रंधा मारल्यावरही ४६ मिलिमीटर जाडी शिल्लक राहिली आणि मला ४५ हवी होती. खांबांवर मी आधी लोहचुंबक फिरवला, कारण आत मोडून राहिलेला एक खिळासुद्धा मशीनच्या पात्याचे नुकसान करतो. तोरणाचे आणि बिजागऱ्यांचे मिळून अकरा खिळे आणि स्क्रू निघाले. लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांच्या संयोगाने खिळ्याभोवती काळा डाग पडतो. असा एक डाग धडाच्या खालच्या कडेला आला आहे आणि तो मी मुद्दाम तसाच ठेवला.

सागवान गिटारसाठी क्वचितच वापरतात आणि त्याची कारणे कामाला लागल्यावर कळतात. एक कारण वजनाचे आहे. सागवान दर घनमीटरला सुमारे ६५० किलो भरते, तर फेंडर कंपनीने १९५६ पासून पुष्कळ गिटारींसाठी वापरलेले आल्डर सुमारे ४५० किलोच्या आसपास असते. म्हणून पिकगार्डखाली, म्हणजे धडावर बसणाऱ्या पातळ संरक्षक पट्टीखाली, झाकली जाईल तेवढी जागा मी गरजेपेक्षा बरीच जास्त कोरून काढली. दुसरे कारण म्हणजे त्यातली वाळूसारखी सिलिका, जिच्यामुळे पटाशीची धार लवकर जाते. तिसरे आणि सर्वांत त्रासाचे कारण म्हणजे सागवानाचे अंगचे तेल. पहिल्यांदा मी फळ्या रंधून, दुसऱ्या दिवशी फेविकॉल लावून शिकंज्यात आवळल्या. आठवड्याने धड कापायला घेतले, तेव्हा एक सांधा नखाने उघडेल इतका सुटला होता. दोष माझा होता. सुतारकाकांनी सांधे पुन्हा रंधायला लावले, ताज्या पृष्ठभागावरून अॅसिटोनचा फडका फिरवायला सांगितला आणि ते वाळताच, तेल परत वर यायच्या आत, पाणी सहन करणारा गोंद लावून घेतला. ते सांधे आजपर्यंत हललेले नाहीत.

मानेसाठी खांबाचा सर्वांत सरळ रेषांचा भाग निवडला. सागवानाच्या दोन पट्ट्या, त्यांपैकी एक उलटी फिरवून, मध्ये शिसवीची एक पातळ पट्टी, अशी रचना केली. एक पट्टी जिकडे वाकायला बघेल त्याच्या उलट दुसरी ओढते आणि मान सरळ राहते. आत सहा मिलिमीटर रुंदीच्या खाचेत ट्रस रॉड, म्हणजे तारांच्या ताणाने मान वाकू नये म्हणून आवळायचा धातूचा दांडा, बसतो. वरची बोटांची पट्टी शिसवीची आहे. ब्राझीलची शिसवी दुर्मिळ झाल्यानंतर, १९६०च्या दशकापासून, जगभरच्या गिटारींवर आपल्या सह्याद्रीतली आणि दक्षिणेतली शिसवी जाऊ लागली. २०१७ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचे बंधन आले आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ज्या लाकडासाठी परदेशी कारागीर एवढी खटपट करतात, ते मला इथल्याच वखारीत, उरलेल्या तुकड्यांच्या ढिगात मिळाले, याचा मला आनंद वाटतो.

पडद्यांच्या, म्हणजे बोटांच्या पट्टीवर आडव्या बसणाऱ्या धातूच्या तुकड्यांच्या, मापात मात्र चूक चालत नाही. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि वादक ते रागाप्रमाणे केसभर सरकवू शकतो. गिटारचे पडदे एकदा ठोकले की ठोकले. माझ्या गिटारमध्ये नटापासून, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून, धडावरच्या घोडीपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर आहे. या लांबीला १७.८१७ ने भागले की पहिल्या पडद्याचे अंतर येते, म्हणजे ३६.३७ मिलिमीटर, उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की दुसऱ्याचे, आणि असे करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो. ही संख्या दोनच्या बाराव्या मुळातून, म्हणजे सुमारे १.०५९४६ मधून निघते, कारण सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे असतात. गणित असे एकातून एक निघत असले, तरी लाकडावर खूण करताना प्रत्येक पडदा नटापासूनच मोजायचा. आधीच्या पडद्यापासून मोजत गेलो तर प्रत्येक वेळची छोटी चूक साठत जाते आणि वरच्या पडद्यांपर्यंत ती कानाला जाणवू लागते. पडद्यांची तार जर्मन सिल्व्हरची असते, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणाची; नावात असूनही तिच्यात चांदी नसते. बावीस पडदे ठोकायला मला दोन रविवार लागले, कारण सोसायटीत ठोकाठोक सकाळी अकरा ते एक एवढ्याच वेळात करायची, असे मी शेजाऱ्यांना कबूल केले होते.

आता पॉलिशविषयी, ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो आहे.

जुन्या अमेरिकन गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असते आणि तेच वापरायचे माझ्या मनात होते. जुलैमध्ये एका उरलेल्या तुकड्यावर मी ते फवारून पाहिले. पाच मिनिटांत तुकड्यावर दुधासारखा पांढरा पडदा आला. लॅकरमधले द्रावक झपाट्याने उडते, उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते, आणि थंड झालेल्या त्या पृष्ठभागावर हवेतली वाफ दवासारखी बसून थरात अडकते. त्या दिवशी घरातला आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवत होता. वाळायला उशीर लावणारे द्रावक मिसळून यावर मात करता येते, हे मी वाचले होते, पण सुतारकाकांनी तुकडा हातात घेऊन पाहिला आणि एवढेच म्हणाले, “पावसात पॉलिशला हात लावायचा नाही, बाळा. दिवाळी होऊ दे. आणि हे मशीनचं कशाला, चपडी लाव.”

चपडी म्हणजे लाख. पळस, कुसुम आणि बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे आवरण तयार करतात, ते खरवडून, वितळवून, गाळून तिची पत्री, म्हणजे पातळ पापुद्रे, बनते. जगातल्या लाखेचा मोठा वाटा भारतात, विशेषतः झारखंडमध्ये तयार होतो आणि रांचीजवळ तिच्या संशोधनाची संस्था १९२४ पासून आहे. युरोपात ज्याला फ्रेंच पॉलिश हे नाव मिळाले, त्याचा कच्चा माल आपल्याच रानातून जात आला आहे, आणि ठाण्यातल्या जुन्या घरांतली कपाटे, पाळणे आणि देव्हारे याच पॉलिशने चमकत होते. माझ्या चौकटीच्या आतल्या बाजूलाही रंगाच्या थरांखाली चपडीच निघाली.

चार महिने धड आणि मान कपाटात उभी राहिली. कपाटात मी एक छोटा दिवा सतत जळता ठेवला होता, त्याच्या उबेने आतली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी राहते. दिवाळी झाल्यावर काम सुरू केले. सागवानाची छिद्रे मोठी असतात. ती आधी भरली नाहीत, तर पॉलिश कितीही चढवले तरी पृष्ठभाग खडबडीत दिसतो. खडूची पूड, थोडा गेरू आणि पिवळी माती पातळ चपडीत कालवून ती लाकडावर आडवी चोळली आणि वाळल्यावर पॉलिशपेपरने उतरवली. हे तीनदा करावे लागले. मग १०० ग्रॅम पत्री अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवली आणि दोन दिवस न हलवता ठेवली. पत्रीमधले मेण तळाशी बसते. वरचे निवळ तेवढे अलगद ओतून घेतले की चकाकी स्वच्छ येते. बाटलीचे झाकण नेहमी घट्ट ठेवावे, कारण स्पिरिट हवेतले पाणी ओढून घेते आणि मग चपडीवरही तसाच पांढुरका पदर येतो. द्रावण लागेल तेवढेच करावे; वर्षभर ठेवलेली चपडी नीट वाळत नाही, बोटाला चिकटत राहते.

लावायची रीत ही हाताने दाखवल्याशिवाय कळणार नाही अशी गोष्ट आहे, तरी सांगतो. धुऊन मऊ झालेल्या मलमलच्या तुकड्यात कापूस बांधून पुरचुंडी करायची, तिला चपडी पाजायची, तळहातावर दाबून जास्तीची काढायची आणि लाकडावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवायची. हात लाकडावर उतरताना आणि उठताना चालता असला पाहिजे. थांबला तर पुरचुंडी चिकटते आणि खालचा थर उचकटते. ती अडखळू लागली की बोटाच्या टोकाने जवसाच्या तेलाचा एक थेंब लावायचा. त्याहून जास्त तेल लावले तर ते थराखाली राहून नंतर धूसरपणा आणते. रोज रात्री वीस मिनिटे, असे सात आठवडे मी पॉलिशचे हात मारले. प्रत्येक नव्या हातातले स्पिरिट आधीच्या थराला किंचित विरघळवते, त्यामुळे शेवटी अनेक थर न राहता एकच पातळ थर तयार होतो. पॉलीयुरेथेन या कृत्रिम पॉलिशचे तसे होत नाही. तो थर जास्त टिकाऊ असतो, पण त्याला चरा पडला तर दुरुस्ती दिसते. चपडीवरचा चरा पुरचुंडीच्या चार फेऱ्यांत मिटतो. घामाने चपडी हळूहळू मऊ पडते, हा तिचा खरा दोष आहे. म्हणून मानेच्या मागच्या बाजूला मी पॉलिश लावलेच नाही, फक्त तेल आणि मेण चोळले.

पॉलिशने किंवा लाकडाने इलेक्ट्रिक गिटारचा आवाज किती बदलतो, यावर लोक हिरीरीने बोलतात. तारांचा कंप टिपणाऱ्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात आणि लोखंडी तार कंप पावली की त्या वेटोळ्यात विजेचा दाब निर्माण होतो. हे तत्त्व फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. लाकडाचा हिस्सा मला त्यात लहान वाटतो. पण वाजवणाऱ्याचा हात तासन् तास ज्या पृष्ठभागावर टेकतो तो कसा लागतो, याने वाजवणे बदलते, आणि चपडीचा स्पर्श लाकडाचाच राहतो. वायरिंगचे सामान लॅमिंग्टन रोडवरून आणले आणि कोरलेल्या पोकळीला आतून तांब्याचा पत्रा चिकटवला, त्यामुळे घरगुती विजेची ५० हर्ट्झची घरघर बरीच कमी झाली.

नटाच्या खाचा मात्र दोनदा कराव्या लागल्या. पहिल्या नटावर चौथी तार मोकळी छेडली की तंबोऱ्यासारखी झणझणायची. मिरजेच्या ज्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचे कारागीर घोडीला हलका उतार देऊन हीच झणझण मुद्दाम घडवतात आणि तिला जवारी म्हणतात. तार जिथून सुटते तिथे ती पृष्ठभागाला ओझरती स्पर्श करत राहिली की जवारी निघते. गिटारच्या नटात नेमके याच्या उलट करायचे असते, म्हणजे खाच खुंट्यांकडे उतरती ठेवून तार फक्त पुढच्या धारेवरून सुटेल असे पाहायचे. दुसरा हाडाचा नट तसा घासला आणि तार स्वच्छ बोलू लागली.

जानेवारीच्या कोरड्या हवेत शिसवी किंचित आकसली आणि पडद्यांची टोके बोटांना टोचू लागली, ती कानशीने घासून बसवली. मार्चअखेर तारा चढवल्या. सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४७ किलो होतो. त्याखाली मान पुढे आली, ती ट्रस रॉड आवळून सातव्या पडद्याजवळ पाव मिलिमीटर फटीवर आणली. पूर्ण गिटार ३.९ किलो भरली.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ती फट बदलली आणि रॉड थोडा फिरवावा लागला. त्याच आठवड्यात सुतारकाका घरी आले. मी अॅम्प्लिफायर लावायला उठलो, तोवर त्यांनी गिटार उचलून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली होती. मधल्या फळीवरून त्यांनी अंगठा फिरवला, मग कडेने, आणि खालच्या कमरेच्या वळणापाशी थांबले. तिथे थर पातळ राहिला होता. “दसऱ्यानंतर घेऊन ये,” ते म्हणाले, “इथे अजून दोन हात लागतील.”